पासावरचं दुसरं नाव

आईचं म्हणणं एकच होतं, साहेब घरात आले की मी एकदा तरी धडपडायचं.

"फार नाही गं. नुसती टेबलाला अडखळ. थोडं पाणी सांड. तुला दिसत नाही हे त्यांना दिसायला नको का?"

"आई, अकराव्या वर्षी डोळे गेले तेव्हा दोन वर्षं धडपडतच होते मी. तेव्हा तूच ओरडायचीस, नीट चाल, लोक बघतात म्हणून. आता नीट चालते तर म्हणतेस धडपड."

"तेव्हा भत्ता नव्हता," आई म्हणाली.

हे भांडण तीन दिवस चाललं होतं, पत्र आल्यापासून. पत्र वाचून दाखवलं माझ्या धाकट्या बहिणीने. घरातलं सगळं वाचन तिच्याकडे. सत्तावीस वर्षांची घोडी झाली तरी घरात तिला छकुलीच म्हणतात. तर छकुलीने वाचलं, की आपल्याविरुद्ध तक्रार प्राप्त झाली आहे, सबब अंधत्व भत्ता आणि प्रवास सवलत यांची प्रत्यक्ष घरी येऊन पडताळणी होईल, आणि तक्रारीत तथ्य आढळल्यास दोन्ही बंद करण्यात येतील. वाचताना तिचा आवाज दोनदा अडकला. मला वाटलं, घाबरली बिचारी.

घाबरण्यासारखंच होतं. मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर काम करते. घरापासून चौदा स्टेशनं. माझा पगार तिघींच्या पोटाला पुरतो आणि भत्त्यातून घरभाडं जातं. गाडीचा पास फुकट आहे म्हणून त्या नोकरीला अर्थ. पास गेला तर नोकरी राहील, पण नोकरीला जाणंच परवडणार नाही.

त्या पासावर दोन नावं आहेत. पहिलं माझं, आणि खाली 'सोबत' असं छापलेलं आहे त्याच्यापुढे छकुलीचं. पहिल्या श्रेणीच्या अंध माणसाला एक सोबत फुकट नेता येते. मात्र ती सोबत माझ्याबरोबर असेल तरच फुकट. मला सोडून ती एकटी परत फिरली तर तिला पूर्ण तिकीट, संध्याकाळी मला न्यायला आली तर पुन्हा पूर्ण तिकीट. रोज हे कुणाला झेपणार? म्हणून छकुली सकाळी माझ्याबरोबर यायची आणि टेलिफोनच्या खोलीबाहेरच्या बाकावर माझी ड्युटी संपेपर्यंत बसायची. पेशंटच्या नातेवाइकांचे फॉर्म भरून द्यायची, विणायची, डुलक्या काढायची. नऊ वर्षं. हॉस्पिटलमधले लोक त्या बाकाला तिचं ऑफिस म्हणायचे आणि तीही हसायची.

तक्रार कुणी केली, याबद्दल आईच्या मनात शंकाच नव्हती. वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई. मागे एकदा मी तिला म्हटलं होतं की तुमच्या मशीनचा पट्टा ढिला झालाय, आवाजावरून कळतं. तेव्हापासून म्हणे ती माझ्याकडे संशयाने बघते. आईने तीन दिवस तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

"त्यांनी नसेल गं केली," छकुली म्हणाली.

"तू गप्प. तुला जग कुठे कळतं?" आई म्हणाली, आणि छकुली गप्प झाली.

साहेब सव्वाअकराला आले. गल्लीतूनच कळलं, बूट नवे होते आणि करकरत होते. आमची पुढची खोली तळमजल्यावरची, भर दुपारीही अंधारी. बेल वाजली तशी मी उठले, भिंतीवरचं बटण दाबून दिवा लावला आणि दार उघडलं. पाहुणा आला की मी दिवा लावते. आपल्याला लागत नाही म्हणून दुसऱ्याला अंधारात बसवायचं, ही कुठली रीत? पण मागून आईचा 'अरे देवा' असा अगदी बारीक आवाज आला आणि मग माझ्या ध्यानात आलं, मी काय करून बसले ते.

साहेबांनी बसायच्या आधीच वहीत काहीतरी लिहिलं.

छकुली चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली. आई दाराशी उभी राहिली. साहेबांना सर्दी झाली होती, दर वाक्याआधी नाक ओढायचे. नाव, वय, नोकरी, किती वर्षं, सगळं विचारून झालं. मग माझ्या तोंडासमोर टक्कन आवाज झाला.

"काय केलं मी?" त्यांनी विचारलं.

"बॅटरी लावलीत बहुतेक. बटणाचा आवाज आला."

"उजेड?"

"नाही."

"माझ्याकडे तोंड करून बरोबर कसं बोलता?"

"तुम्ही नाक ओढताय ना साहेब, पत्ता लागतो."

आई खोकली. मला असल्या वेळी जीभ आवरत नाही, हा माझा जुना दोष. साहेब हसले नाहीत. म्हणाले, तुमचं मूळ प्रमाणपत्र दाखवा. प्रमाणपत्र कपाटात होतं, सात पावलांवर. मी गेले, फाईल काढली, आणि पाठमोरी असतानाच ऐकलं. बूट एकदा करकरले. मग आमच्या खुर्चीचा एक पाय ढिला आहे, तो लाकडात टिक् करून हलला. ओढली नव्हती, उचलून ठेवली होती, अगदी हळू. माझ्या परतीच्या वाटेवर.

मी फाईल छातीशी धरून उभी राहिले. आईने श्वास रोखून धरला होता, तेही मला ऐकू येत होतं. आयतीच संधी होती. चार पावलं टाकायची, नडगी आपटून घ्यायची, फाईल पाडायची, की काम फत्ते. दोन दिवस नडगी दुखली असती, बाकी काही नाही. आणि न अडखळता वळसा घातला तर साहेब लिहिणार, हिला दिसतं. भाडं, पास, नोकरी, सगळं त्या चार पावलांत होतं.

पण मला नाही जमलं ते. अकरा वर्षांची मुलगी दोन वर्षं गुडघे फोडून घेऊन जे शिकली, ते एका सर्दीवाल्या माणसासमोर विसरल्याचं सोंग कसं आणायचं? तीन पावलं टाकून मी थांबले, हात पुढे केला, खुर्चीची पाठ हाताला लागली. ती उचलून मी होती तिथे ठेवली.

"ही इथली नाही," मी म्हटलं.

पेन कागदावर बराच वेळ चाललं. आई भिंतीला टेकली असावी, कॅलेंडर सळसळलं.

"बसा," साहेब म्हणाले. आवाज जरा सैल झाला होता. "चोवीस वर्षं झाली मला या कामात. आंधळेपणाचं सोंग घेणारा खुर्चीला हमखास अडकतो. चांगला मोठा आवाज करून अडकतो. खरा अंध माणूस आपल्या घरात धडपडत नाही."

मला एकदम हसू आलं. वाटलं, सुटलो.

"दिव्याचंही तेच," ते म्हणाले. "पुष्कळ घरांत बघितलंय. असो. दृष्टीबद्दल शंका नाही. तक्रार मुळात त्याबद्दल नाहीच."

"मग कशाबद्दल?"

"निनावी आहे. दोनच ओळी आहेत." कागद उलगडला. "'पासावरील सोबतीची या बाईंना गरज नाही. मागील महिन्याच्या नऊ तारखेला त्या संध्याकाळी पाच चाळीसच्या गाडीने एकट्या घरी आल्या. खात्री करावी.'"

स्वयंपाकघरात बशीवर कप टेकल्याचा आवाज झाला आणि नंतर काहीच नाही. गॅस चालू होता. चहा उतू गेल्याचा वास आला. कुणी गॅस बंद केला नाही.

नऊ तारीख जगात दोनच माणसांना ठाऊक होती. त्या दिवशी छकुलीची मुलाखत होती, रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये. बाकावर बसून बसून तिने त्याचा कोर्स केला होता. मुलाखत लांबली. पाचला तिने बोर्डावर फोन करून कळवलं, अजून तासभर लागेल, तू थांब. मी थांबले नाही. लॅबमध्ये फोन करून तसा निरोप ठेवला, काठी घेतली आणि निघाले. तेरा स्टेशनं बोटांवर मोजली, चौदाव्याला उतरले, पुलाच्या बेचाळीस पायऱ्या चढले, उतरले, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिले. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. मागच्या गाडीने छकुली धापा टाकत आली, आणि आम्ही दोघी हातात हात घालून घरात शिरलो, रोजच्यासारख्या. आईला सांगायचं नाही, असं ठरलं.

म्हणजे घरभेदी वरच्या मजल्यावर नव्हताच. तो आमच्या स्वयंपाकघरात उभा होता.

माझं डोकं भणाणलं. जिचा हात धरून मी नऊ वर्षं रस्ते ओलांडले, तिने माझ्याविरुद्ध सरकारला पत्र लिहिलं! तेच पत्र फिरून घरी आलं तेव्हा मला वाचूनही दाखवलं. उठून आत जावं आणि तिला एक ठेवून द्यावी, असं मनात आलं.

साहेब समजावून सांगत होते. "नियम असा आहे, पहिली श्रेणी म्हणजे सोबतीशिवाय प्रवास अशक्य. एकट्याने प्रवास होत असेल तर दुसरी श्रेणी. दुसऱ्या श्रेणीत पास एकट्याचा, आणि भत्ता निम्मा."

"निम्मा?" आई म्हणाली.

"निम्मा. आणि एकदा खाली आलेली श्रेणी पुन्हा वर जात नाही." त्यांनी नाक ओढलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "बाई, पत्राखाली सही नाही, साक्षीदार नाही. तुम्ही नाही म्हणालात, तर मी 'तथ्य नाही' असं लिहीन आणि फाईल बंद होईल. सगळं आहे तसं राहील. नीट विचार करून सांगा."

सरकारी माणूस इतकं भलं बोलतो तेव्हा नाही म्हणायला जिभेला काय लागतं? पण मी नाही म्हणायच्या आधी आईच पुढे झाली.

"अहो, धडधडीत खोटं आहे! माझी मुलगी आजवर एकटी कोपऱ्यावरसुद्धा गेलेली नाही. छकुले, बाहेर ये. सांग साहेबांना, तूच असतेस ना ताईबरोबर?"

छकुली दारात आली. तिच्या हातातल्या ट्रेमध्ये कप किणकिणत होते.

"सोबत म्हणून तुमचंच नाव आहे?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"नऊ तारखेला, संध्याकाळी पाच चाळीसच्या गाडीला, तुम्ही यांच्याबरोबर होतात?"

कप किणकिणायचे थांबले. तिने ट्रे घट्ट धरला असावा. मी वाट बघत होते. ती खरं बोलली असती तर माझा राग तिथेच फुटला असता, आणि काय काय बोलले असते देव जाणे.

"होते," छकुली म्हणाली. "मी रोजच असते."

असं म्हणाली ती. स्वतः लिहिलेलं स्वतःच्या तोंडाने खोडून टाकलं. तिचा तो आवाज मी ओळखते. बाकावरून उठताना 'निघायचं का, ताई?' असं विचारते तोच, सपाट, कुणाकडून काही नको असलेला. आणि मला एकदम कळलं, की आता नुसतं गप्प बसलं तरी पुरे. काहीच करायला नको. साहेब लिहितील 'तथ्य नाही', आणि ही पोरगी माझ्या पासावर म्हातारी होईल.

गप्प बसण्यात माझा हात कुणी धरणार नाही. नऊ तारखेनंतर आठ दिवसांनी लॅबचं पत्र आलं होतं, पुढचा महिना सोडून त्यानंतरच्या एक तारखेपासून हजर व्हा म्हणून. आई म्हणाली होती, "आणि ताईला कोण नेणार? तुझं नाव आहे पासावर." तेव्हा मी समोर बसून नखं कापत होते. मी एकटी येऊ शकते हे मला माहीत होतं. मी बोलले नाही. हात धरायला कुणीतरी असलेलं बरं असतं, बाकी कारण काही नव्हतं.

"तथ्य नाही," साहेब पुटपुटले आणि पेनाचं टोपण निघालं.

"थांबा," मी म्हटलं. "ती खोटं बोलतेय. मी एकटीच आले होते."

"ताई!" छकुली म्हणाली.

"अगं, वेड लागलं का तुला?" आई किंचाळली. "साहेब, तिच्याकडे लक्ष देऊ नका, तिला ताप होता काल!"

"मला ताप-बिप काही नाही. पाच चाळीसची गाडी, मधला डबा. पुलाला बेचाळीस पायऱ्या आहेत, हव्या तर मोजून या. लिहा साहेब, सोबतीची गरज नाही. मी निम्म्यावर राहीन."

मी रागाने बोलले की मायेने, हे मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही होतं. तिच्यावरचा राग काडीचा कमी झालेला नव्हता. पण तिचं ते 'होते' मला सहन झालं नाही.

साहेबांनी वहीचं पान उलटलं. मग म्हणाले, "सही करता की अंगठा?"

"सही."

त्यांनी माझं बोट धरून कागदावर जागा दाखवली. त्यांचा हात गरम होता, सर्दीबरोबर तापही असणार. सही करताना शेवटचं अक्षर कागदाबाहेर टेबलावर गेलं. गार झालेला चहा त्यांनी उभ्यानेच प्यायला आणि ते गेले. एक तारखेपासून नवा पास.

पुढचा तासभर आई बोलत होती. भाडं कुठून द्यायचं, घर लहान बघायचं का, लोक काय म्हणतील, आणि त्या शिंपीणबाईचं कधी भलं होणार नाही. मी म्हटलं, "आई, त्यांच्याबद्दल एक शब्द काढू नकोस. त्यांनी नाही केलं."

"मग कुणी केलं?"

"कुणी का केलं असेना. खोटं नव्हतं ना? मग झालं."

आई दुकानात गेली तेव्हा छकुली माझ्याजवळ येऊन बसली.

"मला वाटलं, ते नुसतं माझं नाव खोडतील. दुसरं काही होईल असं वाटलंच नव्हतं गं. भत्त्याचं मला ठाऊक असतं तर..."

"पत्र कशाला लिहिलंस? तोंड नव्हतं का तुला? मला सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "तीनदा."

मी भांडायला तोंड उघडलं आणि मोजायला लागले. एकदा गाडीत, गर्दी होती, मी म्हटलं घरी बोलू. एकदा घरी, मी म्हटलं आईशी बोल. एकदा बाकावर, तेव्हा बोर्डावर फोन वाजला आणि मी उठून गेले. तीनच होते. तिने एकही वाढवून सांगितला नव्हता.

एक तारखेला आम्ही नेहमीच्याच वेळेला घराबाहेर पडलो. तिची लॅब माझ्याच वाटेवर होती, सात स्टेशनं अलीकडे. आमच्यात अजून धड बोलणं नव्हतं. माझ्या खिशात नवा पास होता, त्यावर एकच नाव. तिला तिकीट काढायचं होतं. मी म्हटलं, चल, मीही येते खिडकीपर्यंत. रांग लांबलचक होती. सवयीने तिने माझा हात तिच्या कोपराला लावला होता आणि सवयीने मी तो तिथेच ठेवला होता.

आमचा नंबर आला.

"बोला," खिडकीतला माणूस म्हणाला. "कुठलं?"

"मी हिच्या सोबत आहे," छकुली म्हणाली.

"असाल हो. पण जायचंय कुठे?"

ती गप्प झाली. मागे कुणीतरी वैतागून च्यक् केलं. त्या माणसाने नाणं काउंटरवर आपटलं आणि पुन्हा विचारलं. स्टेशनचं नाव तिला रात्रीपासून पाठ होतं, पण ओठांवर येत नव्हतं. नऊ वर्षं रोज गाडीत बसलेल्या माझ्या बहिणीला हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नव्हता. तिकीट तपासणाऱ्यांनी नाही, आईने नाही, आणि मीही नाही.

मी तिच्या कोपरावरचा हात काढून घेतला.

"सांग ना गं," मी म्हटलं. "कुठे जायचंय तुला?"